कुंडलिकेच्या काठी तंबूत

थंडीची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, यंदा जायचे कुठे? नात्यात लग्न असेल तर प्रश्न आपोआप मिटतो. नसेल तर महाबळेश्वर, माथेरान आणि मुरूड ही तीन नावे फिरून फिरून येतात. गेली काही वर्षे त्यात चौथे नाव मुले घेऊन येतात. शाळेतल्या कुणीतरी नदीकाठी तंबूत रात्र काढलेली असते आणि मग आपल्या घरातही हट्ट सुरू होतो. अब्बांना खर्च दिसतो, अम्मीला संडास दिसतो, दादीला साप दिसतो. तिघांचेही बरोबर असते. तरीही आम्ही म्हणतो की जावे, आणि कुटुंबाने मिळून जावे. फक्त नीट विचारून, समजून जावे.

तंबू ही काही आपल्याला परकी वस्तू नाही. कुरआनात सूरह नहलच्या ८० व्या आयतीत अल्लाहने आपल्या देणग्या मोजताना आधी घराचा उल्लेख केला आहे आणि लगेच जनावरांच्या कातड्याच्या तंबूंचा, जे प्रवासाच्या दिवशीही हलके वाटतात आणि मुक्कामाच्या दिवशीही. हल्लीचे नायलॉनचे तंबू तीन-चार किलोंचे असतात, पण आयतीतली गोष्ट तीच आहे. हज करून आलेल्यांनी मिनाचे तंबू पाहिलेलेच असतात.

मुंबई आणि पुणे दोन्हीकडच्या घरांना सोयीची जागा म्हणजे रायगड जिल्ह्यातले कोलाड. मुंबई-गोवा महामार्गावर आहे, कोकण रेल्वेचे स्थानक आहे, पुण्याहून ताम्हिणी घाट उतरला की पोहोचलोच. इथून कुंडलिका नदी वाहते. भिऱ्यापासून कोलाडपर्यंतच्या पट्ट्यात तिच्या दोन्ही काठांना झाडी आहे आणि त्या झाडीत तंबूंचे मुक्काम आहेत. काही मुक्काम म्हणजे नावालाच तंबू, आत पलंग, पंखा सगळे. काही मात्र साधे असतात. सारवलेले अंगण, पाच-सहा तंबू, पत्र्याची दोन न्हाणीघरे, एक चूल आणि समोर नदी. आम्ही बोलतो आहोत ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. पहिल्या प्रकारात राहायचे तर हॉटेल काय वाईट?

आता या नदीविषयी थोडे सविस्तर, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे. सह्याद्रीतल्या कोकणात उतरणाऱ्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटत जातात आणि मार्चपर्यंत डबक्यांची माळ होऊन बसतात. कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यातही वाहते, ती मुळशीच्या पाण्यामुळे. घाटावर मुळशीला टाटांचे धरण आहे. या धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापटांचे नाव त्यातूनच झाले. धरण तरीही झाले. ते पाणी डोंगराखालून आणि मोठ्या नळांतून कोकणात भिऱ्याला उतरवले जाते, तिथे १९२७ पासून त्यावर वीज तयार होते आणि वापरून झालेले पाणी कुंडलिकेत सोडले जाते.

म्हणजे ही नदी पावसावर चालत नाही, विजेच्या मागणीवर चालते. रात्री पाणी उतरते. खडक उघडे पडतात, मधली वाळू दिसू लागते, मुले गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाऊन येतात. आणि मग सकाळी, बहुतेक वेळा न्याहारीच्या सुमारास, वरून पाणी सुटते. आकाश निरभ्र, पावसाचे चिन्ह नाही, आणि बघता बघता नदी भरते. राफ्टिंगचा सगळा धंदा याच पाण्यावर चालतो. सकाळी पाणी आले की रबरी तराफे निघतात. ज्यांना हे ठाऊक आहे ते वाटच पाहत असतात. ज्यांना ठाऊक नाही ते मधल्या खडकावर बसून फोटो काढत असतात.

पाणी सुटायची वेळ रोज घड्याळाप्रमाणे एकच असेल असे समजू नये. मुक्कामावर पोहोचल्या पोहोचल्या, सामान उतरवण्याच्या आधी, तिथल्या माणसाला विचारावे : उद्या पाणी किती वाजता येते, कुठपर्यंत चढते? तो काठावरचा एखादा दगड किंवा झाडाचे मूळ दाखवील. ती खूण घरातल्या प्रत्येकाला, पाच वर्षांच्या मुलालाही, नेऊन दाखवावी आणि त्याच्या पुढे वडीलधाऱ्याशिवाय पाऊल टाकायचे नाही असे ठरवावे. तंबू त्या खुणेच्या बराच वर असला पाहिजे. वाळूवरचा तंबू फोटोत सुंदर दिसतो, पण त्यात झोपू नये. मुक्कामाचा मालकच वाळूवर तंबू देत असेल तर आम्ही तिथून सामान उचलून निघून जाऊ, आगाऊ पैसे बुडाले तरी चालतील.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक शिकवण सहीह मुस्लिममध्ये आली आहे. रात्री मुक्काम करताना रस्ता टाळा, कारण रात्री ती जनावरांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची वाट असते, असा तिचा आशय आहे. चौदाशे वर्षांपूर्वी वाळवंटातल्या काफिल्यांना सांगितलेली ही गोष्ट कोकणातल्या नदीकाठाला तंतोतंत लागू पडते. नदीकडे उतरणारी पायवाट दिवसा गुराख्यांची असते, रात्री ती भेकराची, रानडुकराची आणि कधी कधी बिबट्याची असते. तंबू तिच्या बाजूला, थोडा उंचावर हवा. मोठ्या वाळक्या फांदीखालीही नको.

बुडण्याबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही. पण दर सुट्टीत वर्तमानपत्रात सहलीला गेलेल्या मुलांच्या बातम्या येतात आणि त्यांत आपल्या आडनावांची मुलेही असतात. "आमच्याला पोहता येते" हे वाक्य त्या बातम्यांत बहुधा असतेच. तलावात किंवा पोहण्याच्या टाकीत शिकलेले पोहणे वाहत्या पाण्यात फार उपयोगी पडत नाही. खडकाच्या फटीत पाय अडकला आणि वरून पाण्याचा रेटा आला तर धडधाकट माणूसही उभा राहू शकत नाही. म्हणून वाहत्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाठीवर पडायचे, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, आणि हळूहळू काठाकडे सरकायचे. राफ्टिंगवाले हे आधी शिकवतात, पण राफ्टिंग न करणाऱ्यांनाही ते यायला हवे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. बहुतेक वेळा तो गप्पच असतो. त्याला वाचवायला पोहता न येणाऱ्याने उडी मारली तर घरातून दोन जनाजे उठतात. सोबत पंधरा-वीस मीटर जाड दोर ठेवावा आणि तो फेकावा. तोही नसेल तर रिकामा बंद कॅन फेकावा.

बायकांच्या कपड्यांचा प्रश्न इथेच काढतो. बुरखा किंवा ओढणी भिजली की जड होते, पायात गुंतते. म्हणून काठावर बसून पाय बुडवायचे असतील तर ठीक, पण पाण्यात उतरायचे असेल तर अंगाबरोबर राहील असा, हातपाय झाकणारा कपडा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि वर लाइफ जॅकेट, असे हवे. पडदाही राहतो आणि जीवही. राफ्टिंगला जायचे तर पूर्ण तराफा आपल्या कुटुंबासाठी मागता येतो. वाटाडे बहुधा पुरुष असतात हे आधी लक्षात घेऊन ज्याने त्याने ठरवावे. पण बायकांनी काठावर चटईवर बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या आणि पुरुषांनी पाण्यात मजा करायची, हे दृश्य आता पुरे झाले असे आम्हाला वाटते.

जागा ठरवताना फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते संकोच न करता विचारावेत. पहिला प्रश्न संडासाचा. बायकांसाठी वेगळा आहे का, आत पाणी आहे का, कडी लागते का, तंबूपासून किती पावलांवर आहे, रात्री दिवा असतो का? कोपऱ्यात वयस्क दादी-नानी असतील तर भारतीय पद्धतीचा की कमोड, हेही विचारावे. यावर "सगळं आहे, काळजी नको" असे उत्तर आले तर फोटो मागवावा. दुसरा प्रश्न शेजाराचा. शेजारच्या तंबूंत कोण असतात, दारू चालते का, रात्री किती वाजेपर्यंत गाणी वाजतात? ३१ डिसेंबरची रात्र तर सरळ टाळावी. त्या रात्री नदीचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. जानेवारीतला मधला वार मिळाला तर उत्तम, भाडेही कमी आणि गर्दीही कमी. मार्चनंतर मात्र विचार सोडून द्यावा. भिरा थंड हवेसारखे वाटत असेल, पण २०१७ च्या मार्चअखेरीस तिथे ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते. पावसाळ्यात नदीकाठी तंबू ठोकण्याचा तर प्रश्नच नाही.

आता नमाज. घराबाहेर पडताना बायकांच्या मनात हीच धाकधूक असते की नमाज कुठे होणार, वजू कसा होणार. खरे तर इतकी मोकळी जागा एरवी मिळत नाही. सगळी जमीन आपल्यासाठी मशीद केली गेली, ही प्रेषितांनी (स.) सांगितलेली खास देणगी. ती शहरातल्या दोन खोल्यांत वाचून जेवढी समजत नाही, तेवढी अशा ठिकाणी फजरला समजते.

किब्ल्याचे मात्र नीट पाहावे. "सूर्य मावळतो तिकडे" एवढ्यावर बरेच जण मोकळे होतात. डिसेंबरात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, तो दक्षिणेकडे सुमारे २५ अंश सरकलेला असतो. आणि कोलाडहून मक्का पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे ११ अंश आहे. म्हणजे मावळत्या सूर्याकडे तोंड केले तर किब्ला उजव्या हाताला ३६ अंशांवर राहतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. तेव्हा सूर्य मावळला तिथून उजवीकडे साडेतीन मुठी मोजा, दिशा मिळाली. मोबाइलचे होकायंत्र गाडीजवळ किंवा लोखंडी खांबाजवळ चुकते, म्हणून ही मुठीची रीत मुलांना शिकवून ठेवावी. त्यांना ती खेळासारखी आवडते. पोहोचल्या दिवशीच मगरिबला दिशा ठरवून दोन दगड मांडून ठेवले की रात्री आणि पहाटे शोधाशोध नको.

कसरचा प्रश्न दर वेळी निघतो. मुंबईहून किंवा पुण्याहून कोलाड शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. हनफी हिशोबाने साधारण ७७ किलोमीटर आणि शाफई हिशोबाने त्याहून थोडे जास्त अंतर झाले की माणूस मुसाफिर ठरतो, म्हणून दोघांनाही जुहर, असर आणि इशाच्या चारऐवजी दोन रकाती. मगरिब तीनच, फजर दोनच. महाड, माणगाव, रोह्याहून येणाऱ्यांना मात्र पूर्ण नमाज, कारण तेवढे अंतरच होत नाही. आता आपल्याकडे घरे मिश्र झाली आहेत. माहेर पुण्याचे हनफी आणि सासर म्हसळ्याचे कोकणी, म्हणजे शाफई, अशी कितीतरी घरे आहेत. शाफई मंडळींना प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायची मुभा आहे, हनफींना ती नाही. असरची वेळही हनफींची पाऊण तासाच्या आसपास उशिरा. यावरून चुलीपाशी मुनाजरा सुरू करू नये. जो तो आपल्या मसलकप्रमाणे पढो, बाकीच्यांनी तोवर भांडी घासावीत.

वजूसाठी पहाटेच्या अंधारात नदीवर उतरायचे नाही. रात्री झोपण्यापूर्वी बादल्या भरून झाकून ठेवाव्यात. डिसेंबरच्या अखेरीस इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे फजरला घाई नसते. चुलीवर पाणी कोमट करायला वेळ मिळतो. पाणी नुसते गार आहे म्हणून तयम्मुम होत नाही, ही गोष्ट तरुण मंडळींना पांघरुणातून सांगावी लागते. आणि नदी समोर वाहते आहे म्हणून पाणी उधळायचेही नाही. वाहत्या नदीवर वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही ताकीद आपल्याला ठाऊक आहे. पाण्याच्या जागी, वाटेवर आणि सावलीत घाण करणाऱ्यांबद्दलही हदीसमध्ये कडक इशारा आहे. नदीपासून निदान ६० मीटर दूर भांडी धुवावीत, साबणाचे पाणी जमिनीत जिरू द्यावे. डायपर नदीकाठी पुरणाऱ्यांना काय म्हणावे ते आम्हाला सुचत नाही. कचऱ्याची पिशवी आपल्याबरोबर घरी परत येते, एवढे आधीच मनाशी धरून ठेवावे. नदीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. आणि मुक्काम कोलाडच्या वरच्या अंगालाच शोधावा. खाली रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे.

आजान द्यावी. अबू सईद खुदरी (रजि.) यांनी रानात शेळ्यांबरोबर असणाऱ्याला मोठ्याने अजान द्यायला सांगितले होते, कारण ती जो जो ऐकेल तो कयामतच्या दिवशी साक्ष देईल. पण ते मोकळे रान होते. शेजारी दहा तंबूंत लोक झोपलेले असताना फजरला आपल्या जमातीला ऐकू जाईल इतकी पुरे. मगरिबची मात्र मुलाला खुल्या आवाजात देऊ द्यावी.

जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय आमचे पान पुरे होत नाही. आपल्या घरांत सहल म्हणजे आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बिर्याणीचे पातेले, शामी कबाब, तीन प्रकारच्या चटण्या. मग सकाळी बायका गाडीत झोपतात आणि पोहोचल्यावर पुन्हा वाढायला उठतात. कुंडलिकेच्या काठी जानेवारीत जायचे तर याची गरजच नाही, कारण तो पोपटीचा हंगाम असतो. रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्डीचा पाला घालायचा. हा पाला शेतांच्या बांधांवर उगवतो आणि त्याचा उग्र वास हाच पोपटीचा जीव. त्यावर जाड मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, आणि केळीच्या पानात बांधलेले मसाल्यातले चिकन. पुन्हा शेंगा, वर पुन्हा पाला, आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडके उपडे ठेवून भोवती गवत, पेंढा, काटक्या रचून पेटवायचे. अर्ध्या-पाऊण तासाने तापलेल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. चर्र करून लगेच उडाले की झाले. ते मडके पालथे केले की जो वाफेचा लोट येतो त्यासाठी आम्ही बिर्याणी सोडायला तयार आहोत, आणि हे वाक्य आमच्या घरी सहजासहजी कुणी उच्चारत नाही.

पोपटी लावणे हे पुरुषांचे आणि पोरांचे काम. मुक्कामावरचे लोक करून देतात, पण चिकन आपल्या खाटकाकडूनच, घरी मसाला लावून बर्फाच्या डब्यात न्यावे. मग कुणाला विचारत बसायला नको. मडके नवे मागावे. नवे ते फारसे महागही पडत नाही. सकाळच्या न्याहारीला तांदळाची भाकरी आणि सोड्याची चटणी घरून आणलेली असली की बस्स. लाकूड तिथल्या माणसाकडून विकत घ्यावे, ओली फांदी तोडू नये.

आगीबद्दल दोन शब्द. झोपताना आग पेटती ठेवू नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. शेकोटीवर पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा पाणी ओतावे आणि हाताला गरम लागत नाही ना ते पाहावे. आणि कितीही थंडी वाजली तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत न्यायची नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, धूर दिसत नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. तंबूची वरची जाळी थोडी उघडी ठेवावी. त्यामुळे आत दवही कमी साचते.

दादीच्या सापाकडे येतो. तिची भीती खोटी नाही. कोकणात नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप आहेत. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि चावल्याचे अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात. म्हणूनच उघड्यावर सतरंजी टाकून झोपण्यापेक्षा चेन लावलेला, तळ शिवलेला तंबू कितीतरी सुरक्षित. चेन नेहमी बंद. बाहेर पडताना टॉर्च आणि पायात बूट. सकाळी बूट उलटा करून झटकायचा, अंथरूण झोपण्यापूर्वी झटकायचे. अंथरूण झटकणे तर सुन्नतच आहे. खाण्याचे सामान तंबूत ठेवू नये, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

एवढे करूनही काही झालेच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. चावलेला हात-पाय काठीला बांधून हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठायचे. १०८ ला फोन करायचा. सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. लाल विंचवाच्या बाबतीत तर याच रायगड जिल्ह्याने जगाला उपचार दिला. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध विंचूदंशावर वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सूरह फातिहा दम करावी, ती सहाबांची रीत आहे. फक्त ती गाडीत बसून करावी आणि गाडी रुग्णालयाच्या दिशेने धावत असावी. मुक्कामी उतरताना पढायची दुआ, जी खौला बिन्ते हकीम (रजि.) यांनी सांगितली आहे, ती मुलांकडून आधीच पाठ करून घ्यावी.

डिसेंबरच्या अखेरीस मगरिबपासून सूर्योदयापर्यंत तेरा तास असतात. घरी ते मोबाइलवर जातात. इथे बहुतेक ठिकाणी रेंज नसते, आणि आमच्या मते भाड्याचे निम्मे पैसे त्याचेच आहेत. इशानंतर शेकोटी विझली की दिवेही बंद करून डोंगराकडे पाठ किंवा तोंड करून नुसते वर पाहायचे. पूर्वेकडून वर आलेले मृग नक्षत्र मुलांना लगेच ओळखता येते, मधले तीन तारे ओळीत असतात. त्यातला पायाकडचा निळसर तेजस्वी तारा रिजल, अरबीत रिजल म्हणजे पाय. त्याच्या वर तांबूस रोहिणी, तिचे जगभर चालणारे नाव अल्‌देबरान, म्हणजे मागून येणारा. कुणाच्या मागून? पुढे चाललेल्या कृत्तिकांच्या छोट्या पुंजक्याच्या. आणि कृत्तिकांचे अरबी नाव सुरैया. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी सुरैया खाला असतेच. तिचे नाव आकाशात कुठे आहे हे मुलांना दाखवले की ती घरी आल्यावर पहिला फोन तिलाच करतात. अब्दुर्रहमान सूफी यांनी इ.स. ९६४ मध्ये इस्फहानमध्ये या सगळ्या ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला, तेजस्वीपणा आणि जागा नोंदवून, चित्रांसह. तो लिहिताना त्यांना मिळालेले काळे आकाश आपल्याला मुंबईत मिळत नाही, इथे थोडेफार मिळते.

रात्री नदीचा आवाज कमी झालेला जाणवेल. पाणी उतरले आहे, एवढाच त्याचा अर्थ. फजर पढून झाल्यावर मुलांना हाताला धरून खुणेच्या दगडापर्यंत न्यावे आणि तिथेच थांबून चहा प्यावा. काही वेळाने आधी वरच्या वळणावरून आवाज येतो, मग पालापाचोळा वाहत येतो, मग मधली वाळू दिसेनाशी होते. मुलांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे.

परतताना तंबू दवाने ओला असतो, तो तसाच गुंडाळला जातो. घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी गच्चीत पसरून वाळवावा, नाहीतर आठ दिवसांत बुरशी धरते. खुंट्या मोजून पिशवीत घालाव्यात. एक तरी नेहमी तिथेच राहते.